उत्पत्ती १:१ मधला 'आलेफ-ताव': हिब्रू अक्षरांत ख्रिस्त शोधावा का?

पहाटवारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी नगरचा, चार पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातला. माझी आत्या ७४ वर्षांची आहे. रोज पहाटे शास्त्र वाचल्याशिवाय ती चहा घेत नाही. गेल्या महिन्यात आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) व्हॉट्सॲप गटावर एक व्हिडिओ आला. त्यात सांगितलं होतं की उत्पत्तीच्या, म्हणजे बायबलातल्या पहिल्या पुस्तकाच्या, पहिल्याच ओळीत एक शब्द असा आहे ज्याचं कुठल्याच भाषेत भाषांतर होत नाही. तो शब्द म्हणजे 'एत', दोनच अक्षरं, आलेफ आणि ताव. हिब्रू वर्णमालेचं पहिलं अक्षर आणि शेवटचं. प्रकटीकरण २२:१३ मध्ये प्रभू म्हणतो, मी अल्फा व ओमेगा, म्हणजे ग्रीक वर्णमालेचं पहिलं अक्षर आणि शेवटचं. म्हणजे सृष्टीच्या पहिल्या वाक्यात, सात शब्दांच्या बरोबर मधोमध, तो स्वतः उभा आहे.

आत्या रडली. म्हणाली, "साठ वर्षं वाचतेय रे, आणि पहिल्याच ओळीत तो होता, मला दिसला नाही."

दीड वर्षापासून मी ऑफिसनंतर हिब्रू शिकतोय, त्यामुळे 'एत' म्हणजे काय ते मला कळतं, आणि म्हणूनच घशात अडकलंय. ते आत्याला सांगायचं का? आणि त्याहून मोठा प्रश्न असा, की जुन्या कराराच्या अक्षरांत (शब्दांत किंवा भविष्यवाणीत नव्हे, अक्षरांत) ख्रिस्ती अर्थ शोधणं योग्य आहे का?

शब्दशेती

चांगला धागा. 'एत'बद्दल ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी आधी व्याकरण सांगतो.

"रामाने रावणाला मारले" यातल्या 'ला'चा अर्थ सांगा बघू. सांगता येत नाही. तो फक्त दाखवतो की मारला गेला तो रावण. हिब्रूतला 'एत' जवळपास तेच काम करतो, फक्त तो कर्माच्या आधी येतो आणि कर्म निश्चित असेल तरच येतो. 'बरेशीत बारा एलोहीम एत हाशामायिम व-एत हाआरेत्स'. आकाश आणि पृथ्वी ही दोन कर्मं, म्हणून 'एत' दोनदा. पृथ्वीच्या आधी 'व' जोडलेला आहे, व्हिडिओवाले तो दुसरा 'एत' सहसा सांगत नाहीत. मराठीत त्याचं भाषांतर होत नाही, कारण आपण "पृथ्वीला निर्माण केली" असं म्हणत नाही. त्यात गूढ काही नाही.

हिब्रू शास्त्रात हा शब्द हजारो वेळा येतो. निर्गम ३२:२० काढून बघा. मोशे सोन्याचं वासरू उचलतो, जाळतो आणि कुटून त्याची पूड करतो. तिथेही 'एत हाएगेल' आहे. त्या मूर्तीच्या आधीसुद्धा आलेफ-ताव आहे. तिथे आपण काय म्हणायचं?

कृपासागर

शब्दशेती, व्याकरण बरोबर असेल. पण ज्याने भाषा निर्माण केली त्याला व्याकरणातूनही बोलता येतं की. जखऱ्या १२:१० बघा, "ज्याला त्यांनी विंधिले" त्याच्या अगदी आधी हाच 'एत' आहे. देवाचं नाव घ्या, यूद-हे-वाव-हे. जुन्या चित्रलिपीत यूद म्हणजे हात, हे म्हणजे पाहा, वाव म्हणजे खिळा. "हात पाहा, खिळा पाहा." हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. माझ्या विश्वासाच्या कोरड्या दिवसांत याच गोष्टीने मला धरून ठेवलं. ते खोटं होतं असं मला कुणी सांगू नये.

शब्दशेती

कृपासागर, तुम्हाला ज्याने धरून ठेवलं तो खोटा नव्हता, एवढं मी मनापासून म्हणतो. वादाचा मुद्दा फक्त वाचण्याच्या पद्धतीचा आहे.

वाव म्हणजे आकडा किंवा खुंटी हे खरंच आहे. निवासमंडपाच्या (इस्राएल लोकांच्या तंबूतल्या उपासनास्थानाच्या) खांबांच्या आकड्यांना निर्गमात तोच शब्द आहे. आलेफ म्हणजे बैल, बेथ म्हणजे घर, हेही खरं. पण अक्षराचं नाव आणि शब्दाचा अर्थ या दोन गोष्टी वेगळ्या. आपण अंकलिपीत 'ग गणपतीचा, व वजनाचा, त तलवारीचा' असं शिकलो. म्हणून 'गवत' या शब्दाचा अर्थ गणपती-वजन-तलवार होत नाही. गुरं ते खातात, इतकंच. इस्राएल लोक शास्त्र लिहू लागले तोवर ही चित्रं केवळ ध्वनीच्या खुणा झाली होती.

कुपारी

मी वसईचा, कॅथलिक. अक्षरांत अर्थ शोधायची ही खोड व्हिडिओवाल्यांची नाही, फार जुनी आहे.

चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम रोममध्ये होते. तिथे पॉला नावाची एक विधवा त्यांच्याकडे शास्त्र शिकत होती. पुढे ती स्तोत्रं हिब्रूतून गाऊ लागली. तिने विचारलं की ११९व्या स्तोत्रात ही अक्षरं का आहेत? (हे स्तोत्र २२ अक्षरांवर रचलेलं आहे. प्रत्येक अक्षरासाठी आठ ओळी आणि त्या आठही ओळी त्याच अक्षराने सुरू होतात. एकूण १७६.) जेरोमनी तिला पत्र लिहून प्रत्येक अक्षराच्या नावाचा अर्थ दिला आणि ते अर्थ जोडून वाक्यं केली. आलेफ म्हणजे शिकवण, बेथ म्हणजे घर, गिमेल म्हणजे पूर्णता, दालेथ म्हणजे पाट्या. मिळून काय, तर मंडळी हे देवाचं घर आणि तिची शिकवण दैवी ग्रंथांच्या पूर्णतेत सापडते. आजचा भाषातज्ज्ञ यातले काही अर्थ मान्य करणार नाही. तरी मला ते पत्र प्रिय आहे, कारण एक बाई अक्षरापाशी थांबून 'हे इथे का?' असं विचारते आणि तिला कुणी गप्प बसवत नाही.

अजून एक. विलापगीतंही अक्षरांवर रचलेली आहेत. पवित्र आठवड्यात ती लॅटिनमध्ये गायची तेव्हा प्रत्येक कडव्याआधी ते हिब्रू अक्षरही गायचे. आलेफ... बेथ... गिमेल... अर्थ काही नाही, फक्त अक्षर, आणि त्यावर लांबलचक आलाप. एकेक मेणबत्ती विझवत जायचे. माझे आजोबा चर्चच्या गायनात होते. त्यांना हिब्रूचा गंध नव्हता, पण म्हातारपणी सगळं विसरले तरी तो 'आलेफ' त्यांना सुरात यायचा.

चिंचपोकळीकर

कुपारी, शेवटची ओळ वाचून थांबलो जरा.

गणिती

हिब्रूत अक्षरं हेच आकडे, त्यामुळे प्रत्येक शब्दाला एक बेरीज असते. उत्पत्ती ४९:१० मधल्या 'यावो शीलो' (शीलो येईल) ची बेरीज ३५८. 'माशियाख' म्हणजे मसीहा, त्याचीही ३५८. ही जुळणी ज्यूंना फार आधीपासून ठाऊक आहे. ख्रिस्ती लोकांनी ती घेतली. आता 'नाखाश' घ्या. नून ५०, खेत ८, शीन ३००. तेही ३५८. नाखाश म्हणजे एदेन बागेतला साप. बेरीज तुम्हाला मसीहाकडे नेते तशीच सापाकडेही नेते. कुठे जायचं ते तुम्ही आधीच ठरवलेलं असतं.

दुसरं उदाहरण अब्राहामाच्या ३१८ माणसांचं (उत्पत्ती १४:१४). 'बर्णबाचे पत्र' या आरंभीच्या ख्रिस्ती लेखनात म्हटलंय की ३०० म्हणजे ताऊ, वधस्तंभाचा आकार, आणि १८ म्हणजे येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरं. सुंदर आहे, पण ती अक्षरं ग्रीक आहेत, अब्राहामाची गोष्ट हिब्रूत आहे. रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) तीच संख्या हिब्रूत मांडली आणि ती निघाली 'एलिएझेर', अब्राहामाचा चाकर. १ + ३० + १० + ७० + ७ + २०० = ३१८.

'दर अमुक अक्षरानंतरचं अक्षर उचला, लपलेला संदेश निघेल' या प्रकाराबद्दलही सांगतो. १९९४ साली एका सांख्यिकी नियतकालिकात त्यावर लेख आला आणि मोठी खळबळ उडाली. १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात त्याचं सविस्तर खंडन आलं. यशया ५३ मध्ये दर २०व्या अक्षराला 'येशूआ हे माझं नाव' निघतं असं सांगतात. येशूआ हा चार अक्षरी शब्द, आणि त्यातली यूद, वाव ही हिब्रूत पावलोपावली येणारी अक्षरं. तो जवळपास कुठल्याही लांब हिब्रू मजकुरातून निघतो. ज्या अध्यायात दुःख सोसणारा सेवक उघड शब्दांत समोर उभा आहे, तिथे अक्षरं मोजत बसणं मला त्या अध्यायाचा अपमान वाटतो.

कृपासागर

गणिती, सापाचं मला माहीत नव्हतं. विचार करतो. पण मोशेने साप उंच केला आणि योहान ३:१४ मध्ये प्रभूने ते स्वतःला लावलं, हेही विसरू नका :)

गणिती

घ्या! मीच तुम्हाला पुढचा व्हिडिओ करून दिला :)

रेवदंडा_ते_अश्दोद

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. आजोळ रेवदंडा, आता इस्राएलात अश्दोदला असते. शेजारी मोरोक्कोचे आणि रशियाचे, पण घरात भांडण मराठीतच होतं. धागा पूर्ण वाचला. दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक प्रेमाची, एक जड.

प्रेमाची आधी. प्रत्येक 'एत'मध्ये अर्थ आहे असं मानणारे आमच्यातही होते. तालमूदात (रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात) शिमोन हाअम्सोनी यांची गोष्ट आहे. तोरातल्या (मोशेच्या पाच पुस्तकांतल्या) एकेका 'एत'चा ते अर्थ लावत गेले, की इथे मूळ गोष्टीबरोबर अजून काय धरायचं. असं करता करता अनुवाद ६:१३ आलं, 'एत अदोनाय एलोहेखा तिरा', तुझा देव परमेश्वर याचं भय धर. इथे देवाबरोबर अजून कोणाला धरणार? ते थांबले, आणि आधीचे सगळे अर्थही मागे घेतले. शिष्य म्हणाले, इतक्या वर्षांच्या मेहनतीचं काय? ते म्हणाले, "अर्थ लावल्याचं जसं फळ मिळालं, तसंच माघार घेतल्याचंही मिळेल." नंतर रब्बी अकिवांनी तो 'एत'ही सोडवला (विद्वानांचं भय धरा असा), पण मला आवडतात ते शिमोनच.

आता जड. पहाटवारा, तुमच्या आत्याच्या अश्रूंना माझा नमस्कार. पण या अक्षरखेळाचा इतिहास आमच्यासाठी मायेचा नाही. १२६३ साली बार्सिलोनात राजासमोर आमच्या रब्बी नाखमानिदेसना वादाला उभं केलं, आमच्याच ग्रंथांतून येशू मसीहा आहे हे त्यांच्यावर सिद्ध करायला. तसाच तोर्तोसाचा वाद फेब्रुवारी १४१३ पासून जवळजवळ दोन वर्षं चालला. यशया ९ मध्ये 'लमार्बे' या शब्दात मधोमध बंद मेम येतो, एरवी तो फक्त शब्दाच्या शेवटी येतो. आमचे रब्बी त्यातून हिज्कीया राजाची गोष्ट सांगायचे, तुमच्याकडच्यांनी त्यात मरियेची बंद कूस पाहिली. पाहायला हरकत नाही. पण तेच अक्षर तुम्ही समोरच्याच्या गळ्यावर धरून "आता मान" म्हणालात, तर ते अक्षर उरत नाही.

मोडीवाचक

रेवदंडाताई, शिमोनची गोष्ट आजचा दिवस सार्थकी लावून गेली.

मी मोडी कागद वाचतो, म्हणून एकच अक्षर किती काय करू शकतं हे रोज बघतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, लेखणी न उचलता लिहिलेलं असतं. एकदा एका वाटणीपत्रातलं एक अक्षर मी घाईत चुकीचं लावलं आणि दोन भावकींत बोलाचाली झाली. तेव्हापासून शंका असेल तर तशी नोंद करूनच कागद परत देतो.

हिब्रूत यूद आणि वाव यांच्यात फरक केवळ दांडीच्या लांबीचा. स्तोत्र २२ मध्ये (आपल्याकडे १६वी ओळ, हिब्रूत १७वी) आजच्या प्रमाण हिब्रू पाठात शेवटी यूद आहे, 'काआरी', म्हणजे "सिंहासारखे माझे हातपाय". जुन्या ग्रीक भाषांतरात "त्यांनी खणले", म्हणजे तिथे त्यांनी क्रियापद वाचलं होतं, शेवटी वाव. मृत समुद्राजवळच्या नाहाल हेवेरच्या गुहेत सापडलेल्या चामड्याच्या तुकड्यावर वाव आहे असं बहुतेक अभ्यासक वाचतात. मराठी बायबलात आपण 'विंधले' वाचतो ते या वाटेने. हातपाय विंधणं की सिंह, हे सगळं एका दांडीवर! अक्षरात ख्रिस्ती अर्थ शोधायचाच असेल तर तो असा शोधावा, हस्तलिखितं समोर ठेवून, आणि 'सिंह' वाचणाऱ्यालाही कारण आहे हे मान्य करून.

ताव अक्षराबद्दलही. जुन्या लिपीत ताव म्हणजे फुली, कधी उभी तर कधी तिरपी. यहेज्केल ९:४ मध्ये शोक करणाऱ्यांच्या कपाळावर जी खूण करायची, तिला हिब्रूत शब्दच 'ताव' आहे. आरंभीच्या मंडळीतले विद्वान ओरिगेन आणि जेरोम दोघांनीही त्यात वधस्तंभ पाहिला, आणि जुन्या अक्षराचा आकार तसा होता हे दोघांच्या लिखाणात आहे. ईयोब ३१:३५ मध्ये ईयोब म्हणतो "हा माझा ताव", म्हणजे ही माझी सही. आमच्या कागदांत शेतकऱ्याला लिहिता येत नसे तेव्हा तो नांगर काढायचा आणि बाजूला कारकून लिहायचा 'निशाणी नांगर'. ती वाचताना मला नेहमी ईयोब आठवतो. ज्याच्यापाशी दुसरं काही उरलं नाही त्याची निशाणी.

केडगाववाले

कुणीतरी पंडिता रमाबाईंचं नाव घेईल असं वाटलं होतं, मीच घेतो. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल साध्या मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम हातावेगळं झालं होतं. छपाई इथेच केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये, बायकांच्या हातांनी झाली. आणि त्यांना हवं काय होतं, तर खेड्यातल्या बाईला वाचून कळलं पाहिजे. अक्षरांपर्यंत जायचं ते अर्थ मोकळा करायला.

रेवदंडा_ते_अश्दोद

केडगाववाले, हिब्रू आणि मराठीची गाठ त्याआधीही पडली होती. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ ला मुंबईत आले आणि १८३२ मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, खास आम्हा बेने इस्राएलींसाठी. हेतू सरळ होता, आम्ही मूळ शास्त्र वाचावं आणि त्यात ख्रिस्त पाहावा. आमच्या लोकांनी हिब्रू शिकून घेतलं, प्रार्थना समजून म्हणू लागले आणि बहुतेक सगळे ज्यूच राहिले. त्या गृहस्थांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांनी अक्षरं दिली आणि वाचणं आमच्यावर सोडलं.

राइखलिन म्हणून एक जर्मन विद्वानही असेच. देवाच्या नावात मधे शीन घालून त्यांनी येशूचं नाव बनवलं. स्पेलिंग चुकीचंच आहे. येशूआत शेवटी आयिन असतो, 'हे' अक्षर नसतं. पण १५१० साली आमचे ग्रंथ जाळायची मागणी झाली तेव्हा ते उभे राहिले आणि जाळू नका म्हणाले. त्यांना त्या अक्षरांची माया होती. ती एक चूक मी त्यांना केव्हाच माफ केली आहे.

नवखा_वाचक

मत्तय ५:१८ मध्ये 'काना, मात्रा' म्हटलंय तिथे मुळात काय आहे? कुणी सांगेल का?

शब्दशेती

ग्रीकमध्ये 'योटा' आणि 'केराइया'. योटामागे हिब्रूतलं सर्वात लहान अक्षर यूद, आणि केराइया म्हणजे अक्षराचं बारीक टोक किंवा शिंग. मराठी भाषांतरकाराने त्याला 'काना, मात्रा' केलं, यापेक्षा नेमकं मराठीत काही सुचणार नाही. प्रभू स्वतः अक्षराच्या टोकाविषयी बोलला आहे, तेव्हा अक्षरं क्षुल्लक आहेत असं माझंही म्हणणं नाही.

कृपासागर

दोन दिवस गप्प होतो. वासराच्या आधीचा 'एत' स्वतः काढून पाहिला. आहे. 'हात पाहा, खिळा पाहा' मी आता दुसऱ्याला पुरावा म्हणून सांगणार नाही. माझ्या प्रार्थनेत मात्र राहील. चालेल ना, रेवदंडाताई?

रेवदंडा_ते_अश्दोद

तुमच्या प्रार्थनेत मी कोण हो बोलणारी. राहू द्या.

पहाटवारा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. काल आत्याकडे गेलो होतो.

आधी 'ला' सांगितला. रामाने रावणाला. ती लगेच म्हणाली, "म्हणजे तो शब्द काही लपवत नाही, बोट दाखवतो." मी हो म्हटलं. मग सोन्याच्या वासराचं सांगितलं. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. वाईट वाटलं असावं, मलाही वाटलं. शिमोनची गोष्ट सांगितली तेव्हा तिने ती दोनदा सांगायला लावली.

मग म्हणाली, "बरं, ताव आहे कुठे ते तरी दाखव." मी ११९वं स्तोत्र काढलं. तिच्या बायबलात प्रत्येक आठ ओळींवर अक्षराचं नाव छापलेलं आहे. इतकी वर्षं ती ते मथळा समजून ओलांडत आली होती. हिब्रू प्रत शेजारी ठेवून शेवटच्या आठही ओळींचं पहिलं अक्षर तिला बोटाने दाखवलं. ताव, ताव, ताव. शेवटची, १७६वी ओळ 'ताईती' या शब्दाने सुरू होते, मी भटकलो. हरवलेल्या मेंढरासारखा मी भटकलो, तुझ्या दासाला शोध.

आत्याने चष्मा काढला. "शेवटच्या अक्षराशी मेंढरू हरवलंय," म्हणाली, आणि न सांगता लूकचा १५वा अध्याय उघडला, हरवलेल्या मेंढराच्या दाखल्याचा.

आता तिला २२ अक्षरं शिकायची आहेत. रोज एक. आज आलेफ गिरवला, उजवीकडून डावीकडे हात वळत नाही म्हणून वैतागली आहे.

मोडीवाचक

त्यांना बोरू द्या, बॉलपेन नको. जाड-बारीक रेघ नीट येते.

कुपारी

आणि आलेफ झाल्यावर मला कळवा. आजोबांची चाल आठवेल तेवढी गाऊन पाठवतो.